किवी पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी : निवड, पिकवण, प्रमाण आणि पोषण

बडोद्यातल्या मराठी घरांत किवी बहुधा आजारपणाचे बोट धरून येते. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की रावपुऱ्यातल्या लारीपासून (हातगाडीपासून) मॉलपर्यंत सगळीकडे त्याचा भाव चढतो, आणि रुग्णाला भेटायला जाणारी मंडळी पूर्वी मोसंबी नेत तशी आता किवीची डबी नेतात. रुग्ण एखादे फळ खातो, ते आंबटढाण लागते, जीभ चुरचुरते आणि उरलेली फळे फ्रीजच्या कप्प्यात पडून राहतात. यात दोष बहुतेक वेळा फळाचा नसतो. ते न पिकताच खाल्लेले असते आणि त्याच्याकडून अपेक्षा औषधाची केलेली असते. ज्यांनी किवी अजून विकत घेतलेले नाही, किंवा एकदा घेऊन नाद सोडला आहे, त्यांच्यासाठी ते निवडावे कसे, पिकवावे कसे, किती खावे आणि त्यातून शरीराला नेमके काय मिळते, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

फळ कुठून येते, हे आधी पाहावे

किवी मूळचे चीनमधले. इझाबेल फ्रेझर या न्यूझीलंडमधल्या मुख्याध्यापिका १९०४ मध्ये चीनहून परतताना त्याचे बी बरोबर घेऊन गेल्या, १९१० मध्ये तिथल्या वेलींना पहिली फळे धरली, आणि पुढे हेवर्ड राइट या रोपवाटिकावाल्याने निवडलेली, त्याच्याच नावाने ओळखली जाणारी जात जगभर पसरली. बाहेरून तपकिरी व लवदार आणि आतून हिरवे असे जे फळ आपल्याला मिळते, ते बहुतेक वेळा हीच जात असते. भारतात १९६० मध्ये बंगळूरच्या लालबागेत त्याची लागवड झाली, पण वेलीला हिवाळ्यात लागते तेवढी थंडी तेथे नसल्याने फळे धरली नाहीत; १९६३ मध्ये सिमल्याजवळच्या फागली येथे लावलेल्या वेलींना मात्र १९६९ मध्ये फळे आली. आज हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, नागालँड आणि अरुणाचलातले झिरो खोरे येथे त्याचे मळे आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहारातले आहे. गुजरातच्या हवेत किवी होत नाही, त्यामुळे बडोद्यात मिळणारे प्रत्येक किवी लांबचा प्रवास करून आलेले असते, आणि तो प्रवास सोसावा म्हणून ते कडक असतानाच तोडलेले असते. म्हणजे फळ पिकवण्याचे शेवटचे काम विकत घेणाऱ्यालाच करावे लागते. हिमाचल आणि अरुणाचलचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरते. न्यूझीलंडचा हंगाम याच्या उलट, म्हणजे मार्च ते जूनमध्ये तोडणीचा असल्याने तिकडचा माल उन्हाळ्याच्या अखेरीपासून पुढे दिसू लागतो. डोंगरी राज्यांतली फळे आकाराने लहान-मोठी आणि दिसायला ओबडधोबड असली तरी पोषणात ती उणी नसतात, आणि भाव परवडत असेल तर ती अवश्य घ्यावीत.

निवड

खंडेराव मार्केटमध्ये घ्या की घराजवळच्या लारीवर, किवी बहुतेक ठिकाणी वजनावर न विकता नगावर किंवा तीन-चार फळांच्या बंद डबीत विकतात. डबी असेल तर ती उलटी करून खालची बाजू पाहावी, कारण दबलेले आणि पाझरलेले फळ नेहमी तळाशी असते. सुरकुतलेली साल, ओलसर डाग आणि एकाच जागी लागलेला मऊपणा ही फळ सोडून द्यावे अशी तीन लक्षणे आहेत. सगळीकडून सारखे कडक फळ घ्यायला हरकत नाही, फक्त ते त्याच दिवशी खायचे नाही एवढे लक्षात ठेवावे. आकाराचा गोडीशी संबंध नसतो.

हिरवे की सोनेरी, हा प्रश्न दुकानात हमखास पडतो. सोनेरी किवीची साल गुळगुळीत आणि जवळजवळ बिनलवेची असते, गर पिवळा असतो, चव गोड असते आणि भाव अर्थातच चढा असतो. त्यात क जीवनसत्त्व हिरव्यापेक्षा बरेच जास्त, १०० ग्रॅममागे १५० मिलिग्रॅमच्या पुढे, असते. मात्र तंतुमय भाग हिरव्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. आंबट सोसत नसेल किंवा मुलांना सवय लावायची असेल तर सोनेरी घ्यावे, पोट साफ होण्यासाठी हवे असेल तर हिरवेच घ्यावे.

सुक्या मेव्याच्या दुकानांत हिरव्याकंच, साखरेने चमकणाऱ्या किवीच्या चकत्या मिळतात. त्या साखरेच्या पाकात मुरवून सुकवलेल्या असतात आणि त्यांना बऱ्याचदा रंगही घातलेला असतो. सरबताच्या बाटलीतल्या किवी सिरपचेही तसेच आहे. त्या चवीसाठी खाव्यात, पण ताज्या फळाचे गुण त्यांत शोधू नयेत.

पिकवणे

किवी झाडावरून तोडले तेव्हा त्यात पिष्ट बरेच असते. ते ठेवल्यावर हळूहळू साखरेत बदलते, आंबटपणा सौम्य होतो आणि गर मऊ पडतो. केळे किंवा सफरचंद पिकताना जो इथिलीन वायू सोडते, त्याने ही क्रिया लवकर घडते. म्हणून कडक किवी कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर घालून, पिशवीचे तोंड दुमडून, स्वयंपाकघरात सावलीच्या जागी ठेवावे. हिवाळ्यात याला तीन-चार दिवस लागतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना दीड-दोन दिवसांतच पाहायला लागावे, नाहीतर फळ उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी सुटते आणि बुरशी धरते, त्यामुळे ती वापरू नये.

पिकले की नाही हे पाहण्यासाठी फळ मधोमध दाबू नये. ते तळहातावर आडवे धरून देठाकडच्या टोकाला अंगठा हलकेच टेकवावा. साल किंचित आत जाऊन लगेच वर आली तर फळ तयार आहे, अंगठ्याचा खळगा तसाच राहिला तर ते आजच संपवायला हवे, आणि दारूसारखा आंबूस वास येत असेल तर टाकून द्यावे. कापून पाहण्याचा मोह टाळावा, कारण कापलेले कच्चे किवी नंतर नीट पिकत नाही. पिकलेले फळ फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. कडक फळे फ्रीजमध्ये कित्येक आठवडे राहतात. फक्त तेथे सफरचंदांशेजारी ठेवू नयेत. एकदम सहा फळे आणली असतील तर दोन-दोन बाहेर काढून पिकवत गेल्यास एकही वाया जात नाही.

धुणे आणि कापणे

वाहत्या पाण्याखाली तळहाताने साल चोळून लव जितकी निघेल तितकी काढावी, दोन्ही टोके कापावीत आणि साल सुरीने उतरवावी; किंवा फळ आडवे अर्धे करून उकडलेल्या अंड्यासारखे चमच्याने खावे. देठाकडचा टणक, पांढरट खुंट तेवढा काढून टाकावा. मधला पांढरा गाभा आणि भोवतीचे काळे बी खायचेच असते. साल खाण्याजोगी असते आणि सालीसकट खाल्ल्यास तंतू जवळजवळ दीडपट मिळतात, पण ती लव जिभेला रुचणे कठीण आहे. गुळगुळीत सालीच्या सोनेरी फळाबाबत प्रयत्न करून पाहायला हरकत नाही.

शरीराला काय मिळते

हिरव्या किवीच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ८३ ग्रॅम पाणी, १५ ग्रॅमच्या जरा आत कर्बोदके, त्यांपैकी ९ ग्रॅम साखर, ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि साधारण ६० किलोकॅलरी ऊर्जा असते. प्रथिने एक ग्रॅमच्या आसपास आणि स्निग्धांश त्याहूनही कमी. याशिवाय ९० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व, ३०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम, ४० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व, दीड मिलिग्रॅमच्या जवळ ई जीवनसत्त्व आणि थोडे फोलेट मिळते. मध्यम आकाराचे एक फळ सोलल्यावर ७० ग्रॅमच्या आसपास भरते.

यातले क जीवनसत्त्व सर्वांत ठळक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे असते, म्हणजे एका मध्यम किवीत स्त्रीची दिवसभराची गरज जवळजवळ पूर्ण होते. शिवाय किवी कच्चेच खाल्ले जात असल्याने, भाजी शिजवताना या जीवनसत्त्वाचे जे नुकसान होते ते येथे होत नाही. पण याच ठिकाणी आपल्या पेरूची आठवण ठेवायला हवी. पेरूत आणि आवळ्यात १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते आणि हिवाळ्यात ही दोन्ही फळे बडोद्यात किवीच्या भावाच्या अंशातच मिळतात. पेरूचे ढीग लागलेले असताना केवळ क जीवनसत्त्वासाठी किवी घेणे हा माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला चांगला पेरू हाती लागत नाही, तेव्हा किवीचा विचार करावा.

हे जीवनसत्त्व आणखी एका कामी येते. शाकाहारी जेवणातले लोह शरीरात फार कमी शोषले जाते, आणि त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे. सकाळी पोहे, मेथीचा ठेपला किंवा सेव उसळ खाणाऱ्याने त्याच वेळी एक किवी खाल्ले तर तोच लाभ मिळतो. चहा मात्र तासभर पुढे ढकलावा, कारण चहातली टॅनिने लोहाचे शोषण रोखतात. रक्तात लोह कमी असलेल्या स्त्रियांनी हा क्रम पाळणे विशेष हिताचे आहे, अर्थात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवूनच.

दुसरा मोठा लाभ पोटाचा, आणि खरे तर किवीवर पैसे खर्च करण्याचे सर्वांत पटण्याजोगे कारण हेच आहे. हिरव्या किवीतले तंतू आतड्यात बरेच पाणी धरून फुगतात, त्यामुळे मल मऊ राहतो. त्याच्या जोडीला ॲक्टिनिडिन नावाचे एन्झाइम असते, जे प्रथिनांचे तुकडे करते. न्यूझीलंड, इटली आणि जपानमध्ये बद्धकोष्ठ असलेल्या व निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत रोज दोन हिरवी किवी खाणाऱ्यांची तुलना इसबगोल घेणाऱ्यांशी केली होती. बद्धकोष्ठ असलेल्यांना किवीने आठवड्यातून दीड वेळा अधिक पूर्ण समाधानाने शौचाला होऊ लागले आणि किवी इसबगोलाच्या मागे पडले नाही. युरोपीय आयोगाने तर २०२५ मध्ये, हिरव्या किवीने शौचाची वारंवारता वाढते असे वेष्टनावर लिहायलाही परवानगी दिली, आणि त्यासाठी दिवसाला २०० ग्रॅम गर ही अट घातली. म्हणजे दोन मोठी किंवा तीन मध्यम फळे झाली.

गुजरातेत बसून इसबगोलाला कमी लेखणे बरे नव्हे. उंझा-सिद्धपूरचा तो माल जगभर जातो आणि स्वस्त आहे. ज्यांना तो मानवतो त्यांनी बदल करण्याचे कारण नाही. पण ज्यांना तो बुळबुळीत पेला गिळवत नाही, किंवा त्याने पोट फुगल्यासारखे वाटते, अशांनी, आणि विशेषतः घरातल्या वयस्कर मंडळींनी, महिनाभर हिरवे किवी खाऊन पाहावे.

मधुमेहींचा प्रश्न थोडक्यात असा की किवीचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचा अंक) ५० च्या आसपास, म्हणजे कमी गटात येतो, आणि एका मध्यम फळात दहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. त्यामुळे रोज एक फळ बहुतेकांना चालते; ते रस काढून नव्हे तर चावून खावे आणि जेवणाच्या हिशेबात धरावे. झोपेविषयी जे सांगितले जाते, त्याचा मुख्य आधार तैवानमधला २०११ चा, अवघ्या २४ जणांवरचा अभ्यास आहे. त्यात झोपण्याआधी तासभर दोन किवी खाणाऱ्यांची झोप सुधारली, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. रात्री फळ खायचेच असेल तर किवी खावे, त्याहून जास्त भरवसा ठेवू नये.

आता डेंग्यूविषयी. किवीने प्लेटलेट झपाट्याने वाढतात असे मानायला भक्कम पुरावा नाही. बहुतेक रुग्णांत ताप उतरल्यानंतर काही दिवसांत प्लेटलेट आपोआप वर येतात, आणि त्या दिवसांत जे काही खाल्लेले असते त्याला श्रेय मिळते. या आजारात शरीरातले पाणी टिकवणे आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार रक्त तपासत राहणे याला खरे महत्त्व आहे. रुग्णाला किवी आवडत असेल तर जरूर द्यावे. मात्र त्यासाठी दुप्पट भाव मोजून, ताक, नारळपाणी आणि पेजेकडे दुर्लक्ष करू नये.

सुरुवात किती आणि केव्हा करावी

पहिल्या दिवशी अर्धेच फळ खावे आणि तोंडात, ओठांवर किंवा घशात खाज येते का याकडे लक्ष द्यावे. किवीच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, शिवाय ॲक्टिनिडिनही असते. त्यामुळे जिभेला किंचित चुरचुर होणे नेहमीचे आहे आणि पूर्ण पिकलेल्या फळात ती कमी जाणवते. दोन-तीन दिवस काही त्रास झाला नाही तर रोज एक फळ सुरू करावे. बद्धकोष्ठासाठी खाणाऱ्यांनी आठवड्याभराने दोनवर जावे, पाणी नेहमीपेक्षा थोडे जास्त प्यावे आणि परिणाम दिसायला तीन-चार आठवडे द्यावेत. एकदम तीन-चार फळे खाल्ल्यास काहींना जुलाब होतात. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी ते रिकाम्या पोटी न खाता न्याहारीनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास खावे.

वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाला चांगले पिकलेले फळ कुस्करून चमचाभर द्यावे. तोंडाभोवती आलेली लाली पुष्कळदा फक्त आंबटपणामुळे असते, पण पित्त उठल्यासारख्या गांधी आल्या तर पुन्हा देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

दुधात, दह्यात आणि जेलीत

येथे पहिल्यांदा किवी आणणाऱ्यांची हमखास फसगत होते. आपल्याकडे पाहुणे आले की फ्रूट सॅलड आणि पुरीचा बेत ठरलेला असतो. सकाळी कस्टर्डमध्ये इतर फळांबरोबर किवी चिरून घातले आणि दुपारी पातेले उघडले, तर दूध पातळ झालेले आणि चव कडवट झालेली असते. कारण तेच ॲक्टिनिडिन: ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. श्रीखंडाचेही तसेच होते. त्यामुळे किवीच्या फोडी वाढतेवेळी वरून घालाव्यात आणि पान वाढल्यावर लगेच खाव्यात. मिल्कशेक करून फ्रीजमध्ये ठेवू नये. सोनेरी किवीत हे एन्झाइम फार थोडे असल्याने त्याचा एवढा त्रास होत नाही. हिरव्या फोडी मिनिटभर वाफवून घेतल्या तरी एन्झाइम निकामी होते, पण क जीवनसत्त्वाचा काही भागही त्याबरोबर जातो.

जिलेटिन हेही प्रथिनच असल्याने कच्चे किवी घातलेली जेली जमत नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनते आणि त्यात मोडायला प्रथिन नसते, म्हणून ते वापरले तर जेली जमते, आणि शाकाहारी घरांत तसेही तेच आणले जाते.

दुधाशिवाय किवी वापरण्याच्या रीती जास्त सोप्या आहेत. काकडीच्या कोशिंबिरीत टोमॅटोऐवजी किवीच्या बारीक फोडी, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी चांगली जमते; फोडणी थोडी निवल्यावर घालावी. जरा कच्चट राहिलेल्या किवीची पुदिना-कोथिंबीर घालून चटणी होते आणि तिला लिंबू लागत नाही. लारीवर मिळते तशी मीठ-मसाला लावलेली किवीची प्लेट रक्तदाब असलेल्यांनी टाळावी, कारण कमी सोडियम आणि बऱ्यापैकी पोटॅशियम हा या फळाचा जो फायदा, तोच त्या मिठात बुडतो.

कोणी जपून खावे

मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना पोटॅशियम मोजून घ्यावे लागते. त्यांनी आहारतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय किवी घेऊ नये, आणि भेटायला जाणाऱ्यांनीही अशा रुग्णासाठी ते नेऊ नये. ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत के जीवनसत्त्वाचे रोजचे प्रमाण साधारण सारखे राहणे महत्त्वाचे असते, कारण ते या गोळ्यांचा परिणाम कमी करते. एकदम रोज दोन-तीन किवी सुरू करणे किंवा एकदम बंद करणे, दोन्ही टाळावे आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

ॲलर्जीचा धोका थोड्यांना असतो, पण तो गंभीर ठरू शकतो. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांतल्या लॅटेक्सने खाज सुटते, त्यांना किवी, केळे आणि ॲव्होकाडो यांचाही त्रास होण्याची शक्यता अधिक असते. अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तोंडात नुसती खाज आली तर फळ थांबवून पुढे ते टाळणे पुरते. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे.